सिनाय, सोलापूर आणि नावांचे गणित

सिनायचे वाळवंट म्हटले की इस्राएल लोकांची भटकंती, तहान आणि दहा आज्ञा आपल्याला आठवतात. यहुदी धर्मगुरूंनी या नावाच्या अक्षरांतही अर्थ शोधला. हिब्रू भाषेत प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य आहे. सामेख ६०, योद १०, नून ५० व पुन्हा योद १०, अशी सिनायची बेरीज १३० होते. ‘सुलाम’ म्हणजे शिडी. तिची अक्षरे सामेख ६०, लामेद ३० व मेम ४०. बेरीज पुन्हा १३०! म्हणून याकोबाने स्वप्नात पाहिलेली शिडी म्हणजेच सिनाय, असे त्यांनी शिकवले. उजाड भूमीतूनही स्वर्गाकडे वाट जाते, हे त्यातील मनन. मात्र सिनाय हे नाव कसे पडले, याचा तो इतिहास नव्हे.

हा भेद आम्हा सोलापूरकरांनीही ध्यानी घ्यावा. आपला जिल्हा अवर्षणाचा आणि नदीचे नाव सीना. पण एवढ्या ध्वनिसाम्यावरून सीनेचे सिनायशी नाते जोडता येत नाही. शहराच्या नावाचेही तसेच. ‘सोळा’ आणि ‘पूर’ मिळून सोलापूर, अशी फोड पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, सोनापूर अशी सोळा गावांची यादीही दिली जाते. हिशेब चोख बसतो, पण शिलालेख निराळे सांगतात. कल्याणीच्या कलचुरींच्या काळात, बाराव्या शतकात, शिवयोगी सिद्धेश्वरांचे हे गाव ‘सोन्नलगे’ म्हणून ओळखले जाई. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या, म्हणजे इ. स. १३१६ च्या लेखात ‘सोनलीपूर’ असे नाव आहे. किल्ल्यातील एका लेखात ते ‘सोनलपूर’ आहे. पुढे ‘न’ गळाला आणि सोलापूर झाले; इंग्रजांनी त्याचे ‘शोलापूर’ केले.

यात नुसत्या एका अक्षराचा प्रश्न नाही. सोळाच्या हिशेबात सोन्नलगे हरवले, तर कन्नड वचनकारांची या मातीतील आठवणही हरवते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे आपण सारे येथे शेजारी म्हणून राहतो. कोणाचीही आठवण पुसली जाणे बरे नव्हे.

शिडीचे स्वप्न पडले त्या जागेला याकोबाने ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. तरीही त्या नगराचे पहिले नाव लूज होते, हे उत्पत्तीच्या ग्रंथाने त्याच ओळीत नोंदवून ठेवले. नव्या नावाचा आनंद मानताना जुन्याचा मान राखावा, हा धडा आपण मुलाबाळांना अवश्य द्यावा.