निर्भय जनरल

१० मे १९५८ रोजी लिस्बनमधील एका प्रसिद्ध कॉफीगृहात वार्ताहर जमले होते. राष्ट्राध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार जनरल उंबेर्तो देल्गादो यांना प्रश्न आला : निवडून आल्यास पंतप्रधान सालाझार यांचे काय करणार? उत्तर दोन शब्दांचे होते, अर्थात बडतर्फ! घटनेने राष्ट्राध्यक्षाला तो अधिकार दिलेलाच होता. परंतु १९३२ पासून पंतप्रधानपदी ठाण मांडून बसलेल्या सालाझारविषयी असे चारचौघांत बोलता येते, याचाच लोकांना विसर पडला होता. चारच दिवसांनी पोर्तो शहरात त्यांच्या स्वागताला अफाट जनसमुदाय लोटला. लोक त्यांना ‘निर्भय जनरल’ म्हणू लागले.

गंमत अशी की, हा गृहस्थ त्याच राजवटीच्या मुशीतून निघालेला होता. १९२६ च्या लष्करी उठावात तरुण देल्गादो सामील होते. सालाझारशाहीचे गोडवेही त्यांनी गायिले होते. पुढे वॉशिंग्टनला नेमणूक झाली, तेथील मोकळे लोकजीवन त्यांनी जवळून पाहिले आणि मन पालटले. मतपरिवर्तन उशिरा झाले खरे. पण झाल्यावर त्यात आडपडदा राहिला नाही.

८ जूनच्या मतदानात सरकारी आकड्यांनी त्यांच्या पदरात सुमारे एक चतुर्थांश मते टाकली. मोजणी प्रामाणिक होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. सालाझारने मात्र त्या निवडणुकीचा धसका घेतला. १९५९ साली घटना बदलून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच त्याने रद्द केली. पराभूत उमेदवाराला याहून मोठी पावती कोणती मिळावी?

त्याच वर्षी देल्गादो यांनी ब्राझीलच्या वकिलातीत आश्रय घेतला आणि मग परदेशची वाट धरली. विजनवासात त्यांचे सहकाऱ्यांशी खटके उडाले. १९६२ च्या आरंभी बेजा येथील बराकीवर झालेला उठावही फसला. संघटना बांधण्याचा संयम त्यांच्या ठायी नव्हता. अखेर १३ फेब्रुवारी १९६५ रोजी गुप्त पोलिसांनी भेटीच्या मिषाने त्यांना स्पेनच्या सरहद्दीवर बोलावून ठार केले. त्यांच्या ब्राझिलियन चिटणीस बाईंनाही मारले. प्रेते सापडली ती एप्रिलमध्ये.

मारेकऱ्यांच्या त्या टोळीतील कासिमिरो मोंतेरो हे नाव गोव्यात अपरिचित नव्हते. पन्नाशीच्या दशकात गोव्याच्या पोलिसांत असताना याच मोंतेरोने स्वातंत्र्यसैनिकांचा अमानुष छळ केला होता. गोमंतकाला छळणारा हात आणि लिस्बनच्या मतदाराचा आवाज दडपणारा हात एकच होता. देल्गादो यांनी १९५८ च्या प्रचारात वसाहतींच्या मुक्तीचा झेंडा उभारला नव्हता, हे खरे. पण ते झगडले ती सत्ता हीच. १९८१ साली लिस्बनच्या न्यायालयाने मोंतेरोला दोषी ठरविले, तेही त्याच्या गैरहजेरीत. तो परदेशात मोकळाच राहिला.

२५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही कोसळली. १९९० साली देल्गादो यांना मरणोत्तर मार्शलपद मिळाले आणि त्यांच्या अस्थी राष्ट्रीय स्मारकमंदिरात विसावल्या. १९४५ मध्ये देशाची विमानकंपनी स्थापन करणारे तेच. २०१६ पासून लिस्बनचा विमानतळ त्यांच्या नावाने ओळखला जातो.