बडोदे संस्थानातील ग्रंथालये आणि नवी साक्षरता

विद्या वापरात राहिली नाही तर ती लोपते, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. चौथी उत्तीर्ण होऊन शेतीत गुंतलेला मुलगा काही वर्षांनी चार ओळी वाचतानाही अडखळतो. याच जाणिवेतून आपल्या देशात ग्रंथालयांचा एक थोर उद्योग उभा राहिला. त्याची हकीकत आजही उपयोगी पडण्यासारखी असल्याने थोडक्यात देत आहोत.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक आले नाही तर हा सारा खटाटोप व्यर्थ जाईल, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सर्वांस खुली असलेली ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास पाचारण केले. बोर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली व ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग काढला. स्त्रियांची व बालकांची निराळी सोय झाली. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. गावाने वर्गणी जमविली की सरकारही आपला वाटा घाली. त्यामुळे ग्रंथालय गावास आपले वाटे.

ज्यांस अक्षरओळखच नव्हती त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याने दृक्‌शिक्षणाची शाखा काढली. चित्रपटयंत्राच्या साहाय्याने त्यांस जगाची ओळख करून देण्यात येई. यंत्र नवे म्हणून ग्रंथालय त्यापासून दूर राहिले नाही, हे विशेष होय.

ज्या देशातून बोर्डन आले तेथे हे कार्य पुढेही चालू राहिले. न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागाच्या सार्वजनिक ग्रंथालयाने परदेशांतून येऊन वसलेल्या लोकांसाठी १९७७ साली खास योजना सुरू केली. आज त्या ग्रंथालयात संगणकाचेही धडे मिळतात.

आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान काढले. सहा कोटी कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीस २० तासांचे शिक्षण द्यावयाचे होते. ते अभियान मार्च २०२४ मध्ये संपले. वीस तासांत ओळख होते, सवय होत नाही. सवयीसाठी रोज उघडे असणारे आणि पुन्हा पुन्हा विचारले तरी न कंटाळणारे ठिकाण लागते. आता निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, विजेचे बिल, मुलांच्या परीक्षेचे अर्ज ही सारी कामे मोबाईलवर होतात. आमच्या वयाचे कित्येक ज्ञातिबांधव आपला फोन व ओटीपी परक्याच्या हाती देतात आणि आयुष्यभराची पुंजी धोक्यात घालतात. हीसुद्धा एक निरक्षरताच नव्हे काय?

१९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आज गावोगावी अनुदानित ग्रंथालये आहेत. आपल्या मंडळाचेही लहानसे वाचनालय आहे. तेथे एक संगणक ठेवावा, आणि आपल्या तरुण मुलामुलींनी दर रविवारी दोन तास वडीलधाऱ्यांस व गृहिणींस शिकवावे, अशी आमची सूचना आहे. मात्र दार केवळ ज्ञातीपुरते उघडे ठेवू नये. शेजारच्या कोणत्याही जातिधर्माच्या माणसास तेथे मुक्त प्रवेश असावा. सार्वजनिक ग्रंथालय या शब्दाचा अर्थच तो आहे.