राजाला विसावा मिळाला तेव्हा : शलमोनाचं मंदिर आणि आपला किनारा



लढाईच्या काळात राजा काय करतो, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. तहांची कलमं, सनावळ्या, कोणता किल्ला कोणी घेतला, सगळं. पण लढाई संपल्यावर काय करतो? शेजारी गप्प झाले, कोठारात धान्य आलं, घोडे पागेत उभे आहेत. आता या सवडीचं काय करायचं? इतिहासाच्या पुस्तकात या प्रश्नाला जागा कमी मिळते. आज आगरला बसून आपण त्याच प्रश्नाचा विचार करू. सुरुवात लांबून, यरुशलेमपासून करू. पण परत यायचं आहे ते डहाणू-तलासरीलाच, एवढं लक्षात असू द्या.

दावीद राजाला देवासाठी मंदिर बांधायचं होतं. त्याच्या हातून ते झालं नाही, त्याच्या मुलाच्या, शलमोनाच्या हातून झालं. का? बायबलमध्येच याची दोन कारणं आहेत आणि ती एकसारखी नाहीत. राजांच्या पुस्तकात शलमोन म्हणतो, वडिलांना चारी बाजूंनी लढाया होत्या, म्हणून जमलं नाही. हे कारण व्यवहाराचं झालं. इतिहासाच्या पुस्तकात मात्र दावीद स्वतःच सांगतो की, माझ्या हातून फार रक्त सांडलं म्हणून देवाने मला मना केलं. हे कारण नीतीचं. पहिलं कारण म्हणतं, वेळ नव्हता. दुसरं म्हणतं, हात त्या कामाचे नव्हते. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हाला ही फट महत्त्वाची वाटते. शांतता म्हणजे नुसता मोकळा वेळ, की तिला काही लायकीही लागते?

शलमोन या नावातच 'शालोम' म्हणजे शांती आहे. तो सोर नगरीच्या हीराम राजाला निरोप पाठवतो. त्याचा मथितार्थ असा : आता मला चोहीकडून विसावा मिळाला आहे, वैरी नाही, संकट नाही, तेव्हा मी मंदिर बांधायचं म्हणतो. यातला 'विसावा' हा शब्द धरून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

विसाव्यात काय काय शक्य होतं, ते बघा. लबानोनच्या डोंगरात देवदार तोडायचे, ते समुद्रातून तराफे करून आणायचे, बदल्यात हीरामाच्या घराला दर वर्षी गहू आणि तेल द्यायचं. याला समुद्र मोकळा लागतो, शेतं पिकलेली लागतात आणि करार पाळणारा शेजारी लागतो. राज्याच्या चौथ्या वर्षी पाया घातला, अकराव्या वर्षी काम संपलं. म्हणजे सात वर्षं. आपल्याकडे नारळाची वाडी लावली तर फळ धरायलाही साधारण तेवढाच काळ जातो. पुढची सहा-सात वर्षं इथे कोणी घोडे घालणार नाही, एवढा भरवसा असला तरच माणूस आगर लावतो. मंदिराचंही तसंच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

आपल्याच तालुक्यातल्या चिंचणीला काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. तेव्हा इथे राष्ट्रकूटांचं राज्य होतं, गादीवर तिसरा इंद्र होता. हा सगळा मुलूख 'संयान मंडल' म्हणून ओळखला जाई. संयान म्हणजे तलासरीच्या पलीकडचं, आज गुजरातमध्ये असलेलं संजाण. या मंडलाचा अधिकारी होता मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. आधीच्या राजाने, दुसऱ्या कृष्णाने, त्याला इथे नेमलं होतं.

हा मधुमती काय करतो? आधी तो किनाऱ्यावरच्या बंदरांचे नायक जिंकतो आणि तिथे आपली माणसं बसवतो. हा त्याचा दावीद झाला. मग त्याला विसावा मिळतो. त्यात तो दोन नद्यांवर फुकट नाव चालू करतो आणि एक अन्नछत्र घालतो. तिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे, असं लेखात नोंदलेलं आहे. शिवाय एका ब्राह्मणाने संयानला भगवतीची मठिका उभारली होती, तिच्या डागडुजीसाठी आणि तिथल्या लोकांच्या जेवणासाठी तो राजाच्या संमतीने जमीन देतो. अरब अधिकारी, कानडी राजघराणं, देवीची मठिका आणि जमीन आपल्या भागातली! आज कोणी अशी कादंबरी लिहिली तर ओढूनताणून जमवली म्हणतील. पण हे तांब्यावर कोरलेलं आहे.

आणि ते टिकलं. याच चिंचणीच्या ताम्रपटांत शके ९५६ चा, म्हणजे १०३४ चाही एक लेख आहे. तोवर राष्ट्रकूट जाऊन शिलाहार आले होते. त्यांचा मांडलिक चामुंडराज त्याच मठिकेला दिव्याच्या तेलासाठी एक घाणा देतो. शंभरावर वर्षं गेली, राजवट बदलली, तरी मठिका उभी होती आणि तिला तेल लागत होतं.

इथे एक शंका काढता येईल, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे देऊळ शांततेतच बांधतात असं कुठे आहे? वज्रेश्वरीचं उदाहरण घ्या. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, असं परंपरा सांगते. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि मग तानसेच्या काठी देऊळ उभं राहिलं. त्याचं दर्शनी रूपही किल्ल्यासारखंच आहे. म्हणजे दाविदाला जे नाकारलं गेलं, ते आपल्याकडे सेनापतीला चाललं. मान्य. पण नवस लढाईत बोलला जातो आणि फेडला जातो लढाई संपल्यावर, एवढं त्यातही दिसतं.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. इराणातून आलेल्या पारशी लोकांनी संजाणला वस्ती केली आणि तिथल्या राजाच्या आश्रयाने पवित्र अग्नी, इराणशाह, स्थापला. ही कथा 'किस्सा-ए-संजान' या १५९९ च्या फारसी काव्यात आहे. ते काव्य घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं असल्यामुळे त्यातला प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येत नाही. पण २००२ ते २००४ मध्ये संजाणला उत्खनन झालं, त्यात पश्चिम आशियातल्या भांड्यांचे तुकडे मिळाले. म्हणजे दर्यापार येणंजाणं मोठं होतं, हे खरं. पुढे पंधराव्या शतकात गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने संजाण मोडलं. तेव्हा हा अग्नी घेऊन लोक आपल्या बाहरोटच्या डोंगरावर आले. परंपरा सांगते की बारा वर्षं तो तिथल्या गुहेत तेवत ठेवला. नंतर तो वांसदा, नवसारी असा फिरत १७४२ ला उदवाड्याला गेला, तो आजही तिथे आहे.

बाहरोटला जाऊन गुहा पाहिली की एक गोष्ट कळते. इमारत संजाणलाच राहिली, ती वाचवता आली नाही. वाचली ती रोज लाकूड घालायची सवय. शांततेच्या काळात माणसांना जी शिस्त लागली होती, तीच लढाईच्या काळात डोंगरावर उपयोगी पडली.

आता विसाव्याकडे परत येऊ, कारण खरा प्रश्न अजून राहिला आहे. विसावा कोणाला मिळाला?

बायबल इथे फार प्रामाणिक आहे. शलमोनाने तीस हजार माणसं वेठीला धरली. दहा-दहा हजारांची पाळी, एक महिना लबानोनच्या जंगलात आणि दोन महिने घरी. शिवाय सत्तर हजार ओझी वाहणारे आणि ऐंशी हजार दगड फोडणारे. हे आकडे ग्रंथातले आहेत, इतिहासकार ते जसेच्या तसे घेत नाहीत. पण आकडे कमी केले तरी वेठ उरतेच. मंदिराला सात वर्षं लागली, स्वतःच्या वाड्याला तेरा, हेही तोच ग्रंथ नोंदवतो. शलमोन गेला तेव्हा लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, आले आणि म्हणाले, बापाने लादलेलं जू जरा हलकं कर. त्याने ऐकलं नाही. राज्य दुभंगलं. वेठीवरच्या मुख्य अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी मारलं. राजाच्या सीमेवर वैरी नव्हता हे खरं, पण सीमेच्या आत काय साठत होतं ते त्याला दिसलं नाही.

वेठ हा शब्द डहाणू-तलासरीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथल्या वारली माणसाने जमीनदाराच्या शेतावर आणि जंगलात पिढ्यान् पिढ्या वेठ केली. त्याही काळाला सरकारी कागदात शांततेचा काळच म्हणत, कारण फौजा चालून येत नव्हत्या. २३ मे १९४५ ला, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी, हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. युरोपातलं महायुद्ध थांबून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. जगाच्या हिशेबात शांतता आली होती, झरीच्या हिशेबात ती अजून यायची होती. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. शांतता ही संधी आहे, हे शलमोनाने बरोबर ओळखलं. सात वर्षं पुरेल असा भरवसा असल्याशिवाय मंदिर होत नाही, वाडी होत नाही आणि शाळाही होत नाही. पण चोहीकडून विसावा मिळाला असं राजा म्हणतो, तेव्हा आपण हातगाडीवाल्याला, मिठागरावरच्या माणसाला, डोंगरातल्या पाड्यावरच्या बाईला विचारावं, तुला मिळाला का? मधुमतीने नदीवर नाव घातली आणि भुकेल्याला भात दिला. देवीच्या जमिनीची नोंद त्याच पत्र्यावर आहे. या तीन गोष्टी एकत्र असणं आम्हाला मोठं वाटतं.

आज आपल्या किनाऱ्यावर लढाई नाही. मग आपण या सवडीत काय बांधतो आहोत, ते कोणाच्या हातांनी आणि त्या हातांना दाम मिळतो का? याचं उत्तर आम्ही व्यासपीठावरून देण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकावं हे बरं. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे. चिंचणी आणि झरीकडची मंडळी इथे असतील तर त्यांनी आधी बोलावं.