गांधाराचे अकरा मिलिव्होल्ट

मिडीच्या तारेतून सूर जात नाही. कीबोर्डवरची पट्टी दाबली की त्या तारेतून तीन आकडे निघतात: अमुक चॅनलवर पट्टी दाबली गेली, तिचा क्रमांक इतका, आणि दाब इतक्या जोराचा. क्रमांक ० ते १२७ मधला एक. पियानोच्या मधल्या पांढरी एकला ६० हा क्रमांक दिलेला आहे. सेकंदाला ३१,२५० बिट या ठरलेल्या वेगाने हा सगळा निरोप एका मिलिसेकंदाच्या आतच पोचतो. पण साठ नंबरच्या पट्टीचा सूर नेमका कुठे लागावा, हे त्या निरोपात लिहिलेलं नसतं. ते पलीकडच्या यंत्राने ठरवायचं.

पलीकडे मॉड्युलर सिंथेसायझर असेल, तर त्याला आकडे कळतच नाहीत. त्याला व्होल्टेज कळतं. म्हणून दोघांच्या मधे एक छोटी पेटी बसवावी लागते. मिडीचा आकडा घेऊन ती ‘सीव्ही’ म्हणजे कंट्रोल व्होल्टेज बाहेर देते. सूर कुठे लागणार याचा खरा निर्णय या मिडी-टू-सीव्ही कन्व्हर्टरमध्ये होतो. त्याची कुळकथा सहसा अमेरिका आणि जपानपुरतीच सांगितली जाते. मी ती पाटणला बसून लिहितो आहे. या पेटीपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न कुठे मांडला गेला होता, हे शोधायला मला इथून फार लांब जावं लागत नाही, म्हणून माझी कुळकथा थोडी वेगळी आहे.

आधी परदेशातली शाखा. १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीने व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर आणि फिल्टर बनवले, आणि एक नियम रूढ केला: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जाईल. हा नियम कानाच्या स्वभावाला धरून आहे. मध्य सा ते तार सा जाताना कंपनं दुप्पट होतात, अतितारात पुन्हा दुप्पट. कानाला मात्र दोन्ही अंतरं सारखीच वाटतात. दुपटीची ही वाढ मूग यांच्या मंडलाने बेरजेत आणली. त्यामुळे दोन व्होल्टेज नुसती एकत्र केली की सगळी धून जशीच्या तशी दुसऱ्या पट्टीत जाते. बारा समान भाग केले, तर एक अर्धस्वर ८३.३३ मिलिव्होल्टचा.

सगळ्यांनी हा नियम पाळला नाही. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये दर सप्तकाला व्होल्टेजच दुप्पट होतं. सूर सुरू झाला हे सांगणारा इशारा म्हणजे गेट, त्यातही एकवाक्यता नव्हती. बऱ्याच यंत्रांना गेटसाठी पाच किंवा त्याहून जास्त व्होल्ट लागतात, तर जुन्या मूगला उलट तार जमिनीशी जोडून द्यावी लागते. आजच्या कन्व्हर्टरमध्ये ‘व्होल्ट प्रति सप्तक की हर्ट्झ प्रति व्होल्ट’, ‘गेट की एस-ट्रिग’ असे पर्याय दिसतात, ते या जुन्या मतभेदांमुळे. ते समजून न घेता पेटी जोडली की धून वरच्या सुरांत आवळत किंवा विस्कटत जाते आणि माणूस उगाच ऑसिलेटरला दोष देतो.

मूगची मोठी यंत्रणा भारतातही लवकर आली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ती बसवून दिली. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिच्यावर काम केलं. मिडी तेव्हा जन्मायचं होतं.

मिडीचा पहिला आराखडा सिक्वेन्शियलच्या डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी १९८१ मध्ये मांडला. रोलँडचे इकुतारो काकेहाशी त्यामागे उभे राहिले. जानेवारी १९८३ मध्ये सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडून लोकांसमोर वाजली. त्याच वर्षी मुंबईच्या चरणजित सिंह यांची दहा रागांची सिंथेसायझरवरची तबकडी बाहेर आली. ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही त्यांची तिन्ही यंत्रं मिडीच्या आधीची. टीबी-३०३ च्या पाठीवर सीव्ही आणि गेट यांची भोकं आहेत, मिडीचं नाही. मिडी आल्यावर अशी कितीतरी उत्तम यंत्रं एका रात्रीत मुकी ठरली. त्यांना नव्या कीबोर्डशी बोलतं करायला कन्व्हर्टर बनू लागले. पुढे नव्वदीच्या मध्यात जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी ए-१०० ही यंत्रणा आणली, त्यातून युरोरॅक हा मॉड्युलरचा प्रकार रुजला, आणि जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी निघालेली ही पेटी नव्या मॉड्युलरचं प्रवेशद्वार बनली.

आता दुसरी शाखा. थेट वंशावळ नाही, हे आधीच सांगतो. मूग यांनी आमच्याकडची पुस्तकं वाचून काही केलं असं नाही. पण पट्टीच्या क्रमांकापुढे कोणता सूर लिहायचा, हा कन्व्हर्टरचा गाभ्याचा प्रश्न. हिंदुस्थानी संगीतासाठी तो हट्टाने, मोजमाप घेऊन विचारणारा माणूस आमच्या कृष्णाखोऱ्यातला.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्यात छापलं गेलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातला सूर प्रमाण मानून, श्रुतीला कंपनांचा आकडा आणि साध्या अपूर्णांकातलं गुणोत्तर द्यायचं, असं ते काम. सा २४० कंपनांचा धरला तर रिषभ २७०, गांधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६०, धैवत ४००, निषाद ४५०. गांधार म्हणजे साची सव्वापट, पंचम म्हणजे दीडपट. ई. क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या प्रयत्नातून पश्चिम हिंदुस्थानची फिलहार्मोनिक सोसायटी उभी राहिली आणि श्रुती-हार्मोनियम तयार करवून घेतली गेली. बाजारातली पेटी युरोपच्या समान बारा भागांत जुळवलेली. तिचा गांधार चढा, धैवत चढा, कोमल गांधार उतरलेला. तिच्या जागी मोजून जुळवलेल्या पत्त्यांची पेटी द्यावी, ही त्यांची कल्पना. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली. भातखंड्यांना ती पटली नाही, जमलेल्या गुणीजनांनीही ती स्वीकारली नाही.

देवलांना नुसतं हरलेले म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. सूर आकड्यांत लिहावा, आणि तो आकडा यंत्रात घालून ऐकून पाहावा, ही शिस्त त्यांनी आपल्याकडे आणली. पण त्यांची अडचणही खरी होती. पितळी पत्ती एकदा तासली की तिचा सूर ठरला. सा पांढरी एकचा धरून पेटी जुळवली आणि गाणारा काळी दोनचा निघाला, तर सगळी गुणोत्तरं चुकीच्या पट्ट्यांवर जाऊन बसतात. मींड तर त्या पेटीतून निघणं शक्यच नव्हतं. व्होल्टेजला या दोन्ही अडचणी नाहीत. सुरांचा तक्ता हवा तेव्हा सरकवता येतो, आणि एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं व्होल्टेजच्या स्वभावातच आहे.

देवलांच्या गुणोत्तरांचे व्होल्ट करून पाहा. सव्वापटीचा गांधार सापासून ०.३२१९ व्होल्टवर येतो. समान भागांचा ०.३३३३ वर. फरक ११.४ मिलिव्होल्टचा. धैवत १३ मिलिव्होल्टने खाली घ्यावा लागतो, कोमल गांधार १३ ने वर. रिषभाला तीन-सव्वातीन मिलिव्होल्ट वाढवायचे, पंचमाला जेमतेम १.६. आता कन्व्हर्टरच्या पोटात शिरू या. दहा व्होल्टचा पल्ला १२ बिटांत तोडणाऱ्या चिपची एक पायरी जवळजवळ अडीच मिलिव्होल्टची असते. अशा पेटीत गांधार दुरुस्त होतो, पण पंचमाची सूक्ष्म दुरुस्ती पायऱ्यांमधेच हरवते. १६ बिटांच्या चिपची पायरी ०.१५ मिलिव्होल्टची, देवलांचा सगळा तक्ता तिच्यात नीट मावतो. म्हणून हिंदुस्थानी सुरांसाठी पेटी घेताना बाकीच्या सोयी नंतर पाहाव्यात, आधी बिट विचारावेत.

जुळणीला क्रम आहे, आणि तो मोडला की सगळं पहिल्यापासून. यंत्र चालू करून अर्धा तास थांबायचं. ज्या ट्रान्झिस्टरच्या जोरावर मूग यांचा नियम चालतो, तो तापमानाला फार हळवा. एका अंशाने व्होल्ट-सप्तकाचं प्रमाण सुमारे ०.३३ टक्के हलतं. बहुतेक ऑसिलेटरांत त्यावर उपाय म्हणून खास रोधक बसवलेला असतो, पण तो पुरा पडत नाही. पाटणच्या पावसाळ्यात हे चांगलंच जाणवतं. नवजा-कोयनेच्या बाजूने दुपारी सर आली की खोली बघता बघता गार होते आणि सकाळी लावलेली वरची सप्तकं सरकतात. मग मल्टिमीटर लावायचा. बारा-बारा पट्ट्यांच्या अंतराने सूर पाठवत जायचं आणि व्होल्टेज १.०००, २.०००, ३.००० असं चढतं का ते पाहायचं. शून्याची जागा चुकली असेल तर ऑफसेट, अंतर चुकलं असेल तर स्केलचा ट्रिमर. कन्व्हर्टर पक्का झाल्यावर मगच ऑसिलेटरचा ट्रिमर फिरवायचा. आधी ऑसिलेटर फिरवला तर दोघांच्या चुका एकमेकींना झाकतात आणि दुसरा ऑसिलेटर जोडल्यावर उघड्या पडतात. चॅनल, पिच-बेंडचा पल्ला, दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर कोणती मानायची, हे सगळं त्यानंतर.

श्रुतींचा तक्ता घालायचा तो शेवटी. १९९२ पासून मिडीच्या प्रमाणातच स्वरजुळणीची सोय आहे. आजच्या काही कन्व्हर्टरमध्ये रागांचे तयार तक्तेही मिळतात. फ्रान्सच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या पहिल्या सिंथेसायझरचं नावच ‘श्रुती-१’ ठेवलं होतं आणि त्यात असे तक्ते होते. ते जरूर ऐकावेत, पण डोळे मिटून वापरू नयेत. १९६३ मध्ये जयरझभाय आणि स्टोन या संशोधकांनी हिंदुस्थानी कलाकारांचे सूर यंत्राने मोजले, तेव्हा शुद्ध गांधारसुद्धा एकाच जागी उभा राहत नाही असं दिसलं. कलाकारागणिक तो बदलतो, एकाच मैफलीतही हलतो. दरबारीचा कोमल गांधार तर झुलताच असतो; कुठलाही एक आकडा त्याला पुरणार नाही. तिथे तक्त्यात बैठकीची जागा लिहावी आणि आंदोलन हळू चालणाऱ्या दुसऱ्या व्होल्टेजकडून घ्यावं, बेरजेची सोय त्यासाठीच आहे.

तक्ता तपासायचं साधन मात्र मिरजेत तयार होतं. तिथल्या सतारमेकरांच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे काम तिथे दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे. नीट जवारी काढलेल्या तंबोऱ्यात गांधाराची तार नसतानाही गांधार ऐकू येतो, कारण साच्या तारेचं पाचवं उपकंपन नेमकं सव्वापटीच्या गांधारावर पडतं, दोन सप्तकं वर. सा काळी एकचा ठेवून तंबोरा छेडावा आणि ऑसिलेटरवर तोच वरचा गांधार समान भागांच्या तक्त्याने लावावा. दोन्ही आवाज मिळून सेकंदाला पाच-साडेपाच वेळा हेलकावतात. हेच ते शाळेत शिकलेले विस्पंद. मग तक्त्यात गांधार अकरा मिलिव्होल्ट खाली घेत जायचं. हेलकावे संथ होत होत थांबतात. थांबले की तो आकडा जतन करायचा, आणि त्याच्याशेजारी साची पट्टी लिहून ठेवायची. उद्या गाणारी काळी पाचची आली तर तक्त्याचा मूळ सूर तीन पट्ट्यांनी खाली किंवा नऊ पट्ट्यांनी वर सरकवायचा, बाकी काही हलवायचं नाही. वीज गेल्यावर काही पेट्या न जतन केलेला तक्ता विसरतात, म्हणून हे काम त्याच बैठकीत उरकावं.