घरचा गुरू, बाहेरचा गुरू

संध्याकाळी वसई-विरारच्या कोणत्याही मैदानावर जा. निम्म्या पोरांच्या अंगात मँचेस्टरचा नाहीतर आर्सेनलचा शर्ट दिसेल. त्यांना एक कोडं घालून पाहा. १९९२ साली सुरू झालेली इंग्लंडची प्रीमियर लीग २०२५पर्यंत किती इंग्रज प्रशिक्षकांनी जिंकली? एकानेही नाही! फर्ग्युसन तेरा वेळा जिंकले, पण ते स्कॉटलंडचे. बाकी वेंगर फ्रान्सचे, मोरिन्यो पोर्तुगालचे, ग्वार्डिओला स्पेनचे. घरच्या माणसाला घरच्याच पंगतीत पान नाही.

आपल्याकडची पंगत मात्र घरच्या माणसाने गाजवली होती. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. १९५१च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं लोळवलं. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. तरीही १९५६ साली मेलबर्नला संघ रहीमसाहेबांच्याच हाती होता. तिथे आपण चौथे आलो. मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. मग १९६२ साली जकार्ता. रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासलं होतं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून पोरांनी त्यांना सुवर्णपदक दिलं. वर्षभरात ते गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही.

२०१४ साली इंडियन सुपर लीग आली, तेव्हा आठही संघांचे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. गोव्याकडे ब्राझीलचे झिको, मुंबईकडे इंग्लंडचे पीटर रीड. ज्या गोव्यात आर्मांडो कोलासो यांनी डेम्पोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, आणि ज्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडला डेरिक परेरा यांनी २००५-०६ साली देशात अव्वल केलं, तिथलीच ही गोष्ट. झिकोंचा यात काय दोष? त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ होतं. पण मुख्य खुर्चीवर बसल्याशिवाय संघ चालवायला शिकायचं कसं? साहाय्यकाच्या बाकड्यावरून मैदान दिसतं, हरल्याची जबाबदारी मात्र अंगावर येत नाही.

ती खुर्ची मुंबईत घडलेल्या खालिद जमील यांनी आडवाटेने गाठली. काही वर्षं मुंबई एफसी सांभाळली, मग मिझोरमला गेले आणि २०१७ साली ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. तरी सुपर लीगमध्ये पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक व्हायला २०२१ उजाडलं. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला, तोही हाउटनपासून मार्केझपर्यंत बाहेरच्यांची मोठी रांग संपल्यावर, संघाची पार घसरण झालेली असताना. सुरुवात बरी झाली. मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा क्रमांक आला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरलो आणि आशिया चषकाची वाट बंद झाली.

अशा वेळी ‘पुन्हा परदेशी आणा’ म्हणणं फार सोपं. १०-१च्या पराभवानंतरही रहीमसाहेबांकडे संघ पुन्हा सोपवणारी माणसं त्या काळी आपल्याकडे होती.