हाताचे पेटके

हाताचे पेटके : तळहाताचे, बोटांचे किंवा कोपरापर्यंतचे स्नायू अचानक, इच्छा नसताना आखडणे. हा स्वतंत्र आजार नव्हे, लक्षण आहे. पेटका केव्हा येतो आणि तेव्हा हात कसा वळतो, यावरून कारणाचा माग बऱ्याचदा लागतो.

तासन्‌तास शिवण, कापणी किंवा मोबाइल, त्यात घाम आणि अपुरे पाणी, हे नेहमीचे कारण. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डायलिसिस आणि यकृताचा सिरॉसिस यांतही पेटके येतात.

रक्तातले कॅल्शियम घटले की नसा नको तेव्हा चेततात. मग मनगट वाकते, अंगठा आत ओढला जातो आणि बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइड ग्रंथींना झालेली इजा यामागे असू शकते. अशा रुग्णाच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा तीन मिनिटे फुगवून ठेवला की हात याच आकारात वळतो. ही खूण एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांच्या नावाने ओळखली जाते. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याचे हातही असेच वळतात. शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्ताची अल्कता वाढते आणि त्यातले मुक्त कॅल्शियम कमी होते. एकूण कॅल्शियमचा रिपोर्ट मात्र नॉर्मल येतो.

रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दबल्याचा संशय घ्यावा. जुन्या मधुमेहात बोटांचे सांधे ताठरतात, नमस्कार करताना तळवे पूर्ण टेकत नाहीत. तो पेटका नसला तरी रुग्ण त्याला पेटकाच म्हणतो.

सर्वांत चमत्कारिक प्रकार लिहिणाऱ्यांचा. पेन धरताच बोटे आवळतात, पण त्याच हाताने शर्टाची बटणे सहज लागतात. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी 1713 मध्ये कारकुनांच्या अशा हातांविषयी लिहिले होते. तारयंत्रावर काम करणाऱ्यांच्या पेटक्याला ब्रिटनने 1908 मध्ये भरपाईयोग्य व्यवसायजन्य रोगांत घेतले. तरीही पुढे कित्येक वर्षे अशा रुग्णांवर मानसिक दुबळेपणाचा शिक्का बसत राहिला. आता हा डिस्टोनिया, म्हणजे हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेतला दोष, मानला जातो.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे 1960च्या दशकात अशीच आत वळू लागली. तीसएक वर्षे त्यांनी मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या. बोट्युलिनम विषाची इंजेक्शने सुरू झाल्यावर ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले, पण आजार गेला नव्हता. या इंजेक्शनांचा असर काही महिन्यांत ओसरतो आणि ती पुन्हा घ्यावी लागतात.