प्रेमचंद रायचंद: कापसाच्या पैशानं बांधलेलं आणि बुडालेलं साम्राज्य

चिरनेरवरून बोलतोय. आजचा भाग आहे प्रेमचंद रायचंद यांच्यावर. नाव ऐकलं नसेल, तरी चर्चगेटजवळचा राजाबाई टॉवर तुम्ही नक्की पाहिलाय. राजाबाई म्हणजे या प्रेमचंदच्या आई.

हा माणूस मूळचा सुरतचा, जन्म १८३१ चा. लहानपणीच घरचे लोक मुंबईला आले. प्रेमचंद इंग्रजी शिकला, आणि तेव्हाच्या देशी दलालांमध्ये हे फार दुर्मीळ होतं. साहेबाशी त्याच्या भाषेत बोलायचं आणि बाजाराशी गुजरातीत, ही त्याची खरी पुंजी. टाउन हॉलजवळ वडाच्या झाडाखाली शेअरचे सौदे व्हायचे, तिथे हा बघता बघता सगळ्यांत मोठा झाला.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. मँचेस्टर म्हणा, लँकेशायर म्हणा, तिकडच्या मालकांना आता हिंदुस्थानचा कापूस हवा होता. भाव काही पटींनी वाढले. घाटावरचा माल पूर्वी बैलगाड्यांनी बोरघाट उतरून आपल्या पनवेलच्या बंदरात यायचा आणि तिथून होडीनं मुंबईला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि माल थेट मुंबईत पडायला लागला. चार-पाच वर्षांत मुंबईत एवढा जादा पैसा आला, की तो ठेवायचा कुठे हाच प्रश्न झाला.

उत्तर तयार होतं: कंपन्या काढा. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका होत्या. शिवाय फायनान्स कंपन्या, प्रेस कंपन्या, जहाज कंपन्या, आणि समुद्रात भराव टाकून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या. यातली सगळ्यांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन. जमीन अजून पाण्याखाली, पण ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला! भराव घालायच्या आधीच त्याच्यावरचा नफा लोकांनी मनातल्या मनात खर्च केला होता.

आता यातली मेख नीट समजून घ्या. प्रेमचंद कंपन्या उभ्या करण्यात होता, त्यांच्या शेअरची दलाली करत होता, आणि कर्ज देणाऱ्या बँकांवरही त्याचं वजन होतं. बँक ऑफ बॉम्बे ही तर सरकारी भागीदारी असलेली बँक, सरकारनं नेमलेले संचालक तिच्यावर बसलेले. आधी शेअर तारण ठेवून कर्ज द्यायला या बँकेला कायद्यानं आडकाठी होती. १८६३ च्या नव्या कायद्यानं ती सैल झाली. मग चक्र सुरू झालं: शेअर तारण ठेवा, कर्ज घ्या, त्या कर्जातून आणखी शेअर घ्या, त्यामुळे भाव चढला की पुन्हा जास्त कर्ज घ्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर सगळ्या सिस्टीमचा ॲडमिन ॲक्सेस एकाच माणसाकडे, आणि लॉग तपासणारं कुणीच नाही.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. अमेरिकन कापूस परत येणार म्हटल्यावर इथले भाव कोसळले. त्यातून सटोडियांनी वायदे करून ठेवले होते: १ जुलै १८६५ ला ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचे. ती तारीख उजाडली तेव्हा घेणाऱ्याकडे पैसे नव्हते. एक पेढी बुडाली की तिच्याकडून येणं असलेली दुसरी बुडायची. ५०,००० चा बॅकबे दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकेकाळी २,८५० ला गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. १८६६ मध्ये खुद्द प्रेमचंद बुडाला. १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळली गेली. चौकशी आयोग बसला, त्यानं बदललेल्या कायद्यावर आणि ढिल्या कारभारावर बोट ठेवलं. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसं होती, १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजार उरली.

मग प्रेमचंद व्हिलन का? एवढं सोपं नाहीये. तेजीच्या काळातच, १८६४ मध्ये, त्यानं मुंबई विद्यापीठाला लायब्ररीसाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठातली त्याच्या नावाची स्कॉलरशिपही प्रसिद्ध आहे. पडल्यावर तो पुन्हा दलालीत उभा राहिला आणि १९०६ मध्ये वारला. पण मला एक गोष्ट खटकते. मनोऱ्यावर त्याच्या आईचं नाव राहिलं. ज्यांनी त्याच्या नावाकडे बघून दागिने मोडून शेअर घेतले, त्यांची नावं कुठेच नाहीत.

हे सगळं मी चिरनेरमध्ये बसून का सांगतोय? कारण आपल्याकडेही आज तेजी आहे. अटल सेतू झाला, विमानतळ आला, साडेबारा टक्क्यांचे प्लॉट विकून घराघरात पैसा आलाय. चहाच्या टपरीवर एकरी भाव सांगणारे दलाल आहेत. आणि दीडशे वर्षं मागे जायचीही गरज नाही. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. तेव्हा ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतच्या विम्याचा तरी आधार होता. १८६५ मध्ये तोही नव्हता.

तेव्हा कुठेही पैसे ठेवताना ‘माणूस मोठा आहे, ओळखीचा आहे’ एवढ्यावर थांबू नका. कर्ज कोण देतंय, कोण घेतंय, आणि दोघांवर लक्ष कोण ठेवतंय, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींचं उत्तर एकच नाव असेल, तर पैसे खिशातच बरे.

आजच्यासाठी इतकंच. घरातल्या मोठ्यांना हा भाग नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात.